ग्रासमन चलांचे गाउसीय समाकल आणि यादृच्छिक मॅट्रिक्स सिद्धान्त : एक चिकित्सा

प्रस्तावना

यादृच्छिक मॅट्रिक्स सिद्धान्तासंबंधीच्या लेखनात एक आक्षेप पुनःपुन्हा आढळतो. गुणाकाराचा क्रम बदलताच ज्यांचे चिन्ह पालटते अशा चलांवरील गाउसीय समाकल ही केवळ एक सोयीची युक्ती आहे, असे त्याचे स्वरूप आहे. अशा चलांना संख्यारेषेवर स्थान नाही, त्यांची लहानमोठेपणाने तुलना होत नाही आणि त्यांच्यावरील समाकलाला क्षेत्रफळाचा अर्थ नाही. म्हणून त्यांच्या आधारे काढलेले निष्कर्ष उपयुक्त असले तरी सिद्ध मानू नयेत, असे या आक्षेपामागील अनुमान असते. याउलट, अव्यवस्थित धातू किंवा अणुकेंद्रीय विकिरण यांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ हीच पद्धत इतक्या सरावाने वापरतात की, तिच्यात काही जपून हाताळण्याजोगे आहे याचेही भान पुष्कळदा सुटते.

प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिका तपासून पाहिल्या आहेत. गणितदृष्ट्या या पद्धतीतील सर्वांत निर्धोक भाग हा तथाकथित अवास्तव चलांचाच आहे. जेथे चुका झाल्या, जेथे सिद्धता अडली आणि जेथे अनेक वर्षे वाद झाले, त्या जागा बहुतांशी नेहमीच्या, क्रमनिरपेक्ष चलांच्या बाजूला आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रश्नाचा उगम

यादृच्छिक मॅट्रिक्सचा संख्याशास्त्रातील अभ्यास जॉन विशार्ट यांच्या १९२८ च्या कार्यापासून सुरू होतो. भौतिकशास्त्रात त्यास स्थान मिळाले ते यूजीन विग्नर यांच्यामुळे. मंदगती न्यूट्रॉनचा जड अणुकेंद्रावर मारा केला असता जी अनुस्पंदने दिसतात, त्यांच्या ऊर्जापातळ्या एकेक करून काढणे अशक्यप्राय आहे. तेव्हा त्या अणुकेंद्राच्या हॅमिल्टोनियनऐवजी योग्य सममिती असलेला, पण घटकसंख्या यादृच्छिक असलेला मॅट्रिक्स घ्यावा आणि त्याच्या आयगन मूल्यांचे सांख्यिकीय गुणधर्म पाहावेत, ही विग्नर यांची १९५० च्या दशकातील कल्पना होती. फ्रीमन डायसन यांनी १९६२ मध्ये अशा मॅट्रिक्सचे तीन मूलभूत वर्ग निश्चित केले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दोन वर्षे काम करून १९५८ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथे गेलेले मदनलाल मेहता यांनी मिशेल गोदँ यांच्या सहकार्याने १९६० मध्ये लांबिक बहुपदींची पद्धत वापरून आयगन मूल्यांच्या वितरणाची अचूक सूत्रे मिळविली. मेहता यांचा 'रँडम मॅट्रिसेस' हा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००४ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. या विषयातील कित्येक पिढ्यांनी प्राथमिक शिक्षण याच ग्रंथातून घेतले आहे.

मेहता-गोदँ पद्धत अत्यंत देखणी आहे. तथापि तिची एक अट आहे. मॅट्रिक्सचे संभाव्यता-वितरण आधारसदिशांच्या कोणत्याही फिरवणुकीने बदलता कामा नये. ही अट पाळली गेली तर आयगन सदिश बाजूला काढता येतात आणि केवळ आयगन मूल्यांचे संयुक्त वितरण उरते. अव्यवस्थित धातूच्या तुकड्यात मात्र असे नसते. तेथे इलेक्ट्रॉन शेजारच्या स्थानावरच उडी घेतो. त्यामुळे मॅट्रिक्सचे शून्येतर घटक कर्णाच्या आसपास एका पट्ट्यात असतात आणि आधार बदलला की वितरण बदलते. येथे बहुपदींचे साधन हातचे जाते. ग्रासमन चलांची गरज नेमकी या ठिकाणी निर्माण झाली.

ग्रासमन ते बेरेझिन

हेर्मान ग्रासमन हे स्टेटिन येथील शाळाशिक्षक होते. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विस्तारसिद्धान्तावरील ग्रंथात क्रमबदलाने चिन्ह पालटणाऱ्या गुणाकाराची कल्पना आहे. समकालीन गणितज्ञांनी तिकडे दुर्लक्ष केले. १८६२ मध्ये केलेल्या नव्या मांडणीलाही फारसा प्रतिसाद मिळाला नाही. पुढे ग्रासमन संस्कृतकडे वळले. त्यांचा ऋग्वेदाचा शब्दकोश आणि १८७६-७७ मध्ये निघालेले ऋग्वेदाचे जर्मन भाषांतर यांमुळे भारतातील वेदाभ्यासकांना त्यांचे नाव कोशकार म्हणून परिचित आहे. एकाच व्यक्तीच्या कार्याचे दोन भाग दोन वेगवेगळ्या विद्याशाखांत जावेत आणि एका शाखेच्या अभ्यासकाला दुसऱ्या भागाची वार्ताही नसावी, हे विद्यापीठीय विषयविभागणीवर पुरेसे भाष्य आहे.

या चलांवर समाकलन करण्याची कल्पना विसाव्या शतकातील आहे. डेव्हिड कँडलिन यांच्या १९५६ च्या लेखात तिचे स्पष्ट रूप आढळते, परंतु त्या लेखाची दखल फार थोड्यांनी घेतली. ही कल्पना पद्धतशीरपणे विकसित केली ती फेलिक्स बेरेझिन यांनी. द्वितीय क्वांटमीकरणावरील त्यांचा रशियन ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी तो इंग्रजीत उपलब्ध झाला.

बेरेझिन समाकलाचे नियम दोनच आहेत. एका ग्रासमन चलावर एक या स्थिरांकाचा समाकल शून्य आणि खुद्द त्या चलाचा समाकल एक. ग्रासमन चलाचा वर्ग शून्य असल्यामुळे त्या चलाचे कोणतेही फलन स्थिरपद आणि एकघाती पद यांपलीकडे जाऊच शकत नाही; म्हणून या दोन नियमांत सर्व काही येते. येथे समाकलन आणि अवकलन या क्रिया एकच ठरतात. सीमा नाहीत, अनंत नाही, अभिसरणाचा प्रश्न नाही. ही सर्व बीजगणिताची सांत कृती आहे. 'अवास्तव' म्हणून ज्यावर बोट ठेवले जाते त्या समाकलाला सिद्धतेच्या दृष्टीने कशाचीच उणीव नाही, हे येथेच लक्षात घ्यावे लागेल.

एका गणिताचा तपशील

पद्धतीचे मर्म समजण्यासाठी एक उदाहरण थोडे सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. क आणि ख ही दोन ग्रासमन चले व अ ही साधी संख्या घेतली, तर 'उणे क अ ख' या राशीचे घातांकी फलन दोनच पदांचे होते : एक वजा क अ ख. चिन्हाचा संकेत योग्य निवडल्यास त्याचा समाकल अ येतो. सामान्य संमिश्र चलावर हाच गाउसीय समाकल पाय या स्थिरांकाने भागून घेतला तर उत्तर अ चा व्यस्तांक येते, आणि तेही अ चा वास्तव भाग धन असेल तरच. अन्यथा समाकल अस्तित्वातच नसतो. एका चलाऐवजी न चले आणि अ ऐवजी न गुणिले न मॅट्रिक्स घेतला की ग्रासमन समाकलाचे उत्तर मॅट्रिक्सचा निश्चयक येते आणि सामान्य समाकलाचे उत्तर निश्चयकाचा व्यस्तांक. पहिले उत्तर कोणत्याही मॅट्रिक्ससाठी खरे आहे, दुसरे अटीवर.

आता न गुणिले न हर्मिशियन यादृच्छिक मॅट्रिक्स घ्यावा. त्याचे घटक प्रसामान्य वितरणाचे असावेत, सरासरी शून्य असावी. कर्णावरील प्रत्येक घटकाचे विचरण एक आणि कर्णाबाहेरील प्रत्येक घटकाच्या मापांकाच्या वर्गाची सरासरी एक असावी. या मॅट्रिक्सच्या लाक्षणिक बहुपदीची, म्हणजे 'क्ष वजा मॅट्रिक्स' याच्या निश्चयकाची, सरासरी काय येईल?

निश्चयक ग्रासमन समाकलाच्या रूपात लिहिला की मॅट्रिक्सचे घटक घातांकात एकघाती होतात. एकघाती घातांकाची प्रसामान्य सरासरी तत्काळ काढता येते. ती करताच मॅट्रिक्स नाहीसा होतो आणि घातांकात ग्रासमन चलांच्या चतुर्घाती राशी उरतात. या राशी एकत्र आणताना दोन चलांची अदलाबदल करावी लागते आणि तेथे एक उणे चिन्ह बाहेर पडते. परिणामी घातांकात उरते ते ग्रासमन चलांच्या जोड्यांच्या बेरजेचा वर्ग, उणे एक द्वितीयांश या गुणकासह. अशा वर्गाला एका नव्या सामान्य चलावरील गाउसीय सरासरीच्या रूपात उलगडता येते; स्ट्रॅटोनोविच यांनी १९५७ मध्ये आणि हबर्ड यांनी १९५९ मध्ये हे रूपांतर मांडले. त्यानंतर ग्रासमन चले पुन्हा द्विघाती होतात, प्रत्येक जोडीचा समाकल स्वतंत्रपणे घेता येतो आणि अंतिम उत्तर असे येते : क्ष मध्ये काल्पनिक एककाने गुणलेले एक प्रमाणित प्रसामान्य चल मिळवावे, त्या बेरजेचा न वा घात करावा आणि त्या एका चलावर सरासरी घ्यावी.

न बरोबर २ घेतल्यास उत्तर क्ष वर्ग वजा १ येते. दोन गुणिले दोन निश्चयक हाताने उलगडूनही हेच मिळते : कर्णावरील गुणाकारातून क्ष वर्ग आणि कर्णाबाहेरील घटकाच्या मापांकवर्गाची सरासरी १ वजा. न बरोबर ३ घेतल्यास क्ष घन वजा ३ क्ष. ही हर्मिट बहुपदी आहेत. न बरोबर १०० असेल तेव्हा मॅट्रिक्समध्ये १०,००० स्वतंत्र वास्तव यादृच्छिक संख्या असतात. त्या सर्वांची सरासरी एका चलावरील सरासरीत सामावली. कोठेही काही गृहीत धरले नाही, काही गाळले नाही, न मोठा असल्याचीही गरज भासली नाही. न मोठा असल्यास मात्र आणखी लाभ होतो : न हा घातांकात गुणक म्हणून येतो आणि त्या एका चलावरील समाकल खोगीर-बिंदूच्या पद्धतीने काढता येतो.

क्रमबदलाचे ते एक उणे चिन्ह निरुपद्रवी दिसते. परंतु पद्धतीच्या पुढील सर्व भूमितीचे बीज त्यात आहे.

सामान्यीकरणाचा पेच आणि प्रतिकृतींची वाट

प्रत्यक्ष प्रश्न सरासरी बहुपदीचा नसतो. आयगन मूल्यांची घनता हवी असेल तर 'ऊर्जा वजा मॅट्रिक्स' याच्या व्यस्त मॅट्रिक्सच्या कर्णबेरजेची सरासरी लागते. ती निश्चयकाच्या लॉगॅरिदमचा अवकल असते, म्हणजे तीत निश्चयक अंशस्थानीही येतो आणि छेदस्थानीही. केवळ सामान्य चलांचे गाउसीय समाकल वापरले तर सामान्यीकरणाचा छेद प्रत्येक मॅट्रिक्ससाठी वेगळा राहतो. अंश आणि छेद यांची सरासरी वेगवेगळी घेणे चूक आहे आणि एकत्र घेणे अवघड.

या पेचातून सुटण्याची एक वाट सॅम एडवर्ड्स आणि फिलिप अँडरसन यांनी १९७५ मध्ये स्पिन काचेच्या संदर्भात वापरली. संहतीच्या म पूर्ण प्रतिकृती घ्याव्या, म ही धन पूर्ण संख्या मानून गणित करावे आणि शेवटी म शून्याकडे न्यावा. एडवर्ड्स आणि जोन्स यांनी १९७६ मध्ये हीच पद्धत यादृच्छिक मॅट्रिक्सला लावून विग्नर यांचा अर्धवर्तुळ नियम मिळविला. फ्रान्झ वेग्नर यांनी १९७९ मध्ये आणि लोथार शेफर यांच्यासह १९८० मध्ये अव्यवस्थित धातूंच्या प्रश्नाला प्रतिकृतींच्या साहाय्याने क्षेत्रसिद्धान्ताचे रूप दिले. पूर्णांकांवर मिळालेले सूत्र शून्यापर्यंत ताणण्याचा वैश्लेषिक विस्तार एकमेव असतो का, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

कॉन्स्टन्टिन एफेटोव्ह यांनी १९८२-८३ मध्ये दुसरी वाट घेतली. प्रत्येक सामान्य चलाबरोबर एक ग्रासमन चल ठेवले तर एकाचा समाकल निश्चयकाचा व्यस्तांक देतो, दुसऱ्याचा निश्चयक, गुणाकार एक. सामान्यीकरण प्रत्येक मॅट्रिक्ससाठी आपोआप साधते, छेद उरत नाही आणि सरासरी थेट घेता येते. सामान्य व ग्रासमन चलांना परस्परांत मिसळणारी ही सममिती म्हणजे अतिसममिती. मूलकणांच्या भौतिकीतील अतिसममितीशी तिचे बीजगणितीय नाते आहे. परंतु येथे कोणताही नवा कण असल्याचा दावा नाही. निसर्गात अतिसममित कण सापडोत वा न सापडोत, निश्चयकाला निश्चयकाने भागले असता एक येते यात फरक पडत नाही. हे दोन अर्थ वेगळे न ठेवल्यामुळे उगीच गोंधळ झालेला दिसतो.

लहान धातुकणांतील इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या विग्नर-डायसन सांख्यिकी पाळतील, असे गोर्कोव्ह व एलियाशबर्ग यांनी १९६५ मध्ये गृहीत धरले होते. एफेटोव्ह यांनी अव्यवस्थेच्या सूक्ष्म प्रतिमानापासून निघून ते गृहीतक निष्कर्षाच्या रूपात मिळविले. फेरबारशॉट, वायडेनम्यूलर आणि झिर्नबाउअर यांनी १९८५ मध्ये हीच पद्धत संयुक्त अणुकेंद्राच्या विकिरणाला लावली. विग्नर जेथून निघाले होते त्या अणुकेंद्राच्या प्रश्नाकडे विषय असा परत आला.

१९८५ ची चिकित्सा

त्याच वर्षी फेरबारशॉट आणि झिर्नबाउअर यांनी प्रतिकृती-युक्तीवर एक चिकित्सक लेख प्रसिद्ध केला. या लेखाचे महत्त्व त्याच्या उदाहरणाच्या निवडीत आहे. ज्याचे अचूक उत्तर आधीच ज्ञात आहे असा प्रश्न त्यांनी घेतला : हर्मिशियन गाउसीय मॅट्रिक्सच्या दोन आयगन मूल्यांमधील सहसंबंध. सरासरी अंतर एक मानले आणि दोन पातळ्यांमधील अंतर स असले, तर हा सहसंबंध 'एक वजा साइन-भागिले-राशीचा वर्ग' असा असतो. ती राशी म्हणजे पाय गुणिले स. साइनचा वर्ग उलगडला की दोन भाग पडतात. एक भाग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात संथपणे घटतो. दुसरा तितक्याच वेगाने घटतो, पण आंदोलन करीत.

या आंदोलनाला तांत्रिक तपशील समजून सोडून देता येत नाही. आयगन मूल्ये एकमेकांपासून दूर राहतात एवढेच संथ भाग सांगतो. ती जवळजवळ समान अंतराने, स्फटिकातील अणूंप्रमाणे, रांगेत बसू पाहतात हे आंदोलित भागामुळे कळते. प्रतिकृतींच्या वाटेने त्या वेळी जे हाती येत होते त्याचे अचूक उत्तराशी जुळणे मोठ्या अंतरावरील संथ वर्तनापुरतेच होते. पूर्ण उत्तर मिळत नव्हते आणि दोष वैश्लेषिक विस्ताराच्या अनेकत्वात होता. अतिसममित पद्धतीने मात्र संपूर्ण सूत्र बाहेर येत होते. आंद्रेयेव्ह आणि आल्टशुलर यांनी १९९५ मध्ये दाखविले की, अतिसममित समाकलात एक दुसरा खोगीर-बिंदू असतो आणि आंदोलने त्यातून येतात.

वाद तेथे संपला नाही. कामेनेव्ह आणि मेझार यांनी १९९९ मध्ये प्रतिकृतींची आपसातील सममिती भंग करणारे खोगीर-बिंदू विचारात घेऊन हरवलेली आंदोलने प्रतिकृतींतूनच परत मिळविली. झिर्नबाउअर यांनी त्याच वर्षी त्यावर पुन्हा आक्षेप घेतले. उत्तर आधी माहीत असल्यामुळे कोणते बिंदू घ्यावेत आणि कोणते गाळावेत हे ठरविता येते, अनोळखी प्रश्नात ते कसे ठरवावे, ही शंका रास्तच होती. कान्झीपर यांनी २००२ मध्ये आणि स्प्लिटॉर्फ व फेरबारशॉट यांनी २००३ मध्ये निरनिराळ्या प्रतिकृती-संख्यांच्या समाकलांना जोडणारी अचूक समीकरणे वापरून शून्याची सीमा अधिक भक्कम पायावर घेतली. टीका करणाऱ्यांपैकी एकानेच पुढे दुरुस्तीत भाग घ्यावा, हे या वादाच्या निकोपपणाचे लक्षण मानता येईल.

खरी जोखीम कोठे आहे

अतिसममित पद्धतीचा विजय मान्य केल्यावर तिचे परीक्षण टाळणे मात्र योग्य नाही. दोन सहसंबंधित आयगन मूल्यांच्या प्रश्नात ऊर्जेचा काल्पनिक भाग एकदा धन आणि एकदा ऋण घ्यावा लागतो. सामान्य चलांच्या समाकलांचे अभिसरण या चिन्हांवर अवलंबून असल्याने त्यांच्या सममितीची भूमिती अतिपरवलयी, अनंतापर्यंत पसरणारी होते. ग्रासमन चलांना अभिसरणाची चिंता नसल्यामुळे त्यांच्या वाट्याला गोलाची, बंदिस्त भूमिती येते. वर उल्लेखिलेल्या एका उणे चिन्हाचा हा विस्तार होय. हबर्ड-स्ट्रॅटोनोविच रूपांतर गोलाच्या बाजूला सहज होते. अतिपरवलयी बाजूला समाकलनाचा मार्ग अत्यंत काळजीने निवडावा लागतो. भौतिकशास्त्रात प्रुइस्केन आणि शेफर यांनी १९८२ मध्ये सुचविलेला एक मार्ग दीर्घकाळ वापरात होता. त्या प्रकारच्या रूपांतराची काटेकोर सिद्धता फ्योदोरोव्ह, वेई आणि झिर्नबाउअर यांनी २००८ मध्ये दिली. याच वर्षी लिटेलमान, झोमर्स आणि झिर्नबाउअर यांनी अतिबोसॉनीकरण नावाची पद्धत सिद्ध केली. तिच्यात हे रूपांतर टाळताच येते.

दुसरी जोखीम चलबदलाची आहे. एक संमिश्र चल आणि ग्रासमन चलांची एक जोडी घ्यावी. संमिश्र चलाच्या मापांकाचा वर्ग आणि ग्रासमन जोडीचा गुणाकार यांच्या बेरजेवर अवलंबून असलेले, अनंताकडे शून्य होणारे कोणतेही फलन घेतले तर त्याचा योग्य प्रमाणित समाकल त्या फलनाच्या शून्य बिंदूवरील मूल्याइतका येतो. आता ही बेरीज हेच नवे चल मानून सरळ चलबदल केला, तर फलनात ग्रासमन चले उरत नाहीत. आणि ग्रासमन चल नसलेल्या राशीचा बेरेझिन समाकल शून्य. एकच समाकल एका रीतीने शून्येतर आणि दुसऱ्या रीतीने शून्य! फलन घातांकी घेतले तर बरोबर उत्तर एक आहे, म्हणजे ज्या सामान्यीकरणासाठी हा सर्व खटाटोप केला तेच या चुकीच्या वाटेने नष्ट होते.

चूक कोठे झाली हे पाहिले की लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. मापांकाचा वर्ग शून्यापासून सुरू होतो. त्या चलाला एक टोक आहे. चलबदलाने ते टोक ग्रासमन राशीने किंचित सरकते आणि त्या सरकण्यातून एक सीमापद निर्माण होते, ते गाळले गेले. ग्रासमन चलांना टोक नसते. टोक सामान्य चलाला होते. रॉथस्टाइन यांनी १९८७ मध्ये अशा सीमापदांचा सर्वसाधारण नियम दिला आणि एफेटोव्ह व वेग्नर यांच्या नावाने ही पदे या विषयात ओळखली जातात. ती विसरल्यामुळे झालेल्या चुकांचे खापर मात्र बहुधा 'अवास्तव' चलांवर फुटते.

पद्धतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. इलेक्ट्रॉनमधील परस्परक्रिया विचारात घेतली की निश्चयकांचे गुणोत्तर हे रूपच उरत नाही आणि अतिसममितीचा आधार सुटतो. फिंकेलस्टाइन यांनी १९८३ मध्ये असे प्रश्न प्रतिकृतींच्याच साहाय्याने हाताळले. स्पिन काचेच्या बाबतीत पारिसी यांनी प्रतिकृतींतून काढलेले सूत्र गुएरा यांच्या २००३ च्या आणि तालाग्राँ यांच्या २००६ च्या कार्याने सिद्ध झाले. उलट बाजूने, यादृच्छिक क्षेत्रातील आयसिंग प्रतिमानाबाबत पारिसी आणि सूर्लास यांनी १९७९ मध्ये अतिसममितीवरून काढलेला मितिघटीचा निष्कर्ष तीन मितींत टिकला नाही. इंब्री यांच्या १९८४ च्या आणि ब्रिकमाँ व कुपियाइनेन यांच्या १९८७ च्या सिद्धतांनी तेथे सुव्यवस्था टिकते हे दाखविले. तेथेही दोष ग्रासमन समाकलाचा नव्हता. सामान्य क्षेत्राच्या समीकरणाला एकच उत्तर आहे असे गृहीत धरले होते, आणि उत्तरे अनेक होती.

अवास्तव चलांतून वास्तव संभाव्यता

विग्नर-डायसन सांख्यिकीची सार्वत्रिकता एर्दोश, श्लाइन व याउ आणि ताओ व वू यांनी २००९ पासूनच्या लेखांत ग्रासमन चलांशिवाय सिद्ध केली, हे खरे आहे. यावरून ही पद्धत कालबाह्य ठरते असे कोणी म्हटल्यास ते घाईचे होईल. पट्टा-मॅट्रिक्सच्या प्रश्नात फ्योदोरोव्ह आणि मिर्लिन यांनी १९९१ मध्ये अतिसममित गणिताने असे भाकीत केले की, आयगन सदिशांचा विस्तार पट्ट्याच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पुढील गणितीय संशोधनाला लक्ष्य या गणिताने पुरविले. डिसेर्टोरी, पिन्सन आणि स्पेन्सर यांनी २००२ मध्ये त्रिमितीय पट्टा-मॅट्रिक्सच्या घनतेविषयीची काटेकोर सिद्धता याच पद्धतीने दिली आणि मारिया व तातियाना शेरबिना यांनी एकमितीय पट्ट्यांसाठी ती पुढे नेली.

सर्वांत उद्बोधक उदाहरण डिसेर्टोरी, स्पेन्सर आणि झिर्नबाउअर यांच्या २०१० च्या लेखातील आहे. एफेटोव्ह यांच्या प्रतिमानाची एक सोपी, अतिपरवलयी आवृत्ती त्यांनी घेतली. तिच्यातील ग्रासमन चले घातांकात द्विघातीच असल्याने त्यांचा गाउसीय समाकल पूर्णपणे घेता येतो. उत्तर अर्थातच एक निश्चयक येते. आणि हा निश्चयक आलेखशास्त्रातील वृक्ष-प्रमेयानुसार धन पदांची बेरीज असतो. ग्रासमन चले निघून गेल्यावर मागे उरते ती सामान्य चलांवरील एक खरीखुरी संभाव्यता-घनता, आणि अतिसममितीमुळे तिची बेरीज नेमकी एक असते. लेखकत्रयीने या घनतेच्या आधारे तीन मितींत विसरणसदृश अवस्था सिद्ध केली. अशा प्रश्नांत त्रिमितीय सिद्धता किती दुर्मिळ आहे हे जाणणाऱ्यास तिचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यानंतरचा धागा संभाव्यताशास्त्राकडे जातो. कॉपरस्मिथ आणि डायकोनिस यांनी १९८६ मध्ये एका भटकंतीची कल्पना मांडली होती. भटकणारा ज्या रस्त्याने एकदा गेला तो रस्ता पुन्हा निवडण्याची त्याची शक्यता वाढते. पायाखालची वाट अधिक पायाखालची होत जाते. असा भटक्या निघाल्या ठिकाणी पुनःपुन्हा परततो की कायमचा दूर जातो, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. साबो आणि तारेस यांनी २०१५ मध्ये दाखविले की, या भटकंतीमागे वरील अतिपरवलयी प्रतिमानाचीच घनता आहे. सवयीचा जोर पुरेसा असेल तर कोणत्याही मितीत भटक्या परततो, हे त्यातून निघाले. अँजेल, क्रॉफर्ड आणि कोझ्मा यांनी २०१४ मध्ये हाच निष्कर्ष स्वतंत्र मार्गाने मिळविला होता. सवयीचा जोर कमी असेल तर तीन मितींत तो परतत नाही, हे डिसेर्टोरी, साबो आणि तारेस यांनी २०१५ मध्ये सिद्ध केले आणि त्यासाठी २०१० च्या लेखातील अंदाजांचा थेट उपयोग झाला. दोन मितींत सर्व रस्त्यांचे आरंभीचे भार समान असतील तर सवयीचा जोर कितीही कमी असला तरी भटक्या परततोच, ही सिद्धता साबो आणि झेंग यांनी २०१९ मध्ये दिली.